शिवणीतली माया

मराठीत अंगावरचे कापड नुसते कापीत नाहीत, ते बेततात. आधी बेत, मग कात्री, असा आपल्या भाषेचा दंडकच आहे. आणि शिवणीच्या कडेला जे बोटभर जादा कापड राखून ठेवायचे, त्याला शिवणारी माणसे ‘माया’ म्हणतात. माणूस उद्या भरेल, वाळेल, तेव्हा हीच माया उसवून अंगरखा पुन्हा अंगासारखा करता येतो. या दोन शब्दांच्या आधाराने घरच्या शिवणाचा थोडा इतिहास वाचकांपुढे मांडावा, असे पुष्कळ दिवस मनात होते.

आमचे अर्धापूर नांदेडहून हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. केळीचे मळे आणि केशवराजाचे देऊळ यांसाठी ते ओळखले जाते. याच रस्त्याने पुढे गेले की हिंगोलीपलीकडे नरसी लागते. शिंप्याच्या कुळात जन्मलेल्या नामदेवांचे हे गाव. परंपरेने त्यांचा जन्म १२७० सालचा मानतात. म्हणजे सुई आणि कात्री ही आमच्या मुलखात सातशे वर्षांपूर्वीही पोट भरण्याची साधने होती. पुढे दख्खनच्या सुलतानांपासून निजामापर्यंत अनेक राजवटी होऊन गेल्या. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी अंमल संपला, पण दर्जी, कैची, गज, अस्तर, उरेब हे शब्द कापडाच्या गाठोड्यात राहिले ते राहिलेच.

आता चोळीकडे पाहा. जुनी गाठीची चोळी एका खणात बसे. गुळेदगुड्डच्या विणकराने खण विणतानाच काठ असा धरलेला असे, की तो बरोबर बाहीच्या कडेवर यावा. या चोळीला हुक नाही, बटण नाही. पुढे दोन पदर आणि त्यांची गाठ. बाई गरोदर असो, अंगावर पाजणारी असो की दुखण्याने खंगलेली असो, गाठ सैल किंवा घट्ट केली की चोळी तिची होई. किनवट-माहूरकडच्या तांड्यांवरील बंजारा स्त्रियांची कांचळीही तशीच, पाठीवर बंदांनी बांधायची. फेटिया आणि कांचळी त्या स्वतः शिवीत आणि त्यांवर आरसे-कवड्याही स्वतःच जडवीत. ‘माप’ ही वस्तू या दोन्ही पोशाखांत फारशी नव्हती. मापाचे काम गाठ करी.

मापाचे राज्य यंत्राबरोबर आले. १८३१ साली पॅरिसच्या शिंप्यांनी पोट जाईल या भयाने थिमोनिए याची शिवणयंत्रे मोडून टाकली. वीस वर्षांनी, १८५१ मध्ये, अमेरिकेत सिंगरने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ते यंत्र घरोघर गेले. १८६३ पासून बटरिक नावाच्या एका शिंप्याने तिथेच निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरचे यंत्र अपवाद म्हणून गणले होते. आपल्याकडे १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभे केले, तिथे स्त्रियांना शिवण शिकवीत. विधवेच्या हाती चार पैसे यावेत, हा त्यामागचा रोकडा विचार होता.

यंत्राबरोबर पोलके आले, ब्लाउज आले, हुक आले. चोळीची गाठ सुटली आणि बाईचे अंग इंचांत मोजले जाऊ लागले. पण मोजणार कोण? परक्या पुरुषासमोर टेप धरून उभे राहणे आमच्याकडच्या बायांना रुचत नसे. म्हणून शिंप्याकडे नमुन्याचा जुना ब्लाउज पाठवीत. परिणाम असा, की बाईला मिळे ते तिच्या तीन वर्षांपूर्वीच्या अंगाचे कापड. मधल्या बाळंतपणाचा किंवा आजाराचा हिशेब त्यात कुठेच नसे. घरात यंत्र आल्यावर तो हिशेब प्रथमच तिच्या हाती आला.

ही गोष्ट मला पुस्तकात सापडली नाही, आईने शिकविली. तिच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि ती घरी आली, तेव्हा पेटीतला एकही ब्लाउज तिचा उरला नव्हता. महिना दीड महिना ती पदर लपेटून बसे. मग एके दुपारी तिने एक जुना ब्लाउज उसवला, त्याचे तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून कडेने पेन्सिल फिरविली आणि डाव्या बाजूचा कागद निराळा बेतला. टकेत जाणारे कापड तिने बाजूच्या शिवणीतून आणि खालच्या कडेतून कमी केले. गळा दोन बोटे वर घेतला. अस्तराला आतून खिसा करून त्यात पिंजलेला कापूस भरला. त्या हाताला सूज येई, म्हणून काखेत एक चौकोनी तुकडा जोडला. “तुझ्या आजीच्या चोळीत असायचा हा,” ती म्हणाली. पहिला ब्लाउज खांद्याला ओढत होता, दुसरा बसला. तो घालून ती लग्नाला गेली. कोणी काही विचारले नाही. तिला तेच हवे होते.

तयार कपड्यांच्या दुकानात आज चौतीस, छत्तीस, अडतीस अशी मापे टांगलेली असतात. त्यांना माझा विरोध नाही. स्वस्ताईने गरिबाच्या मुलीलाही नवे कपडे मिळतात, हे मी रोज वर्गात पाहते. मात्र त्या कपड्यांच्या शिवणी उलटून पाहिल्या, तर माया सुतभरच असते. कारखान्याला प्रत्येक सूत वाचवायचे असते, आणि तिथे बेतणाऱ्याला घालणारी कोण हे ठाऊक नसते. दोष कोणा एकाचा नाही. पण अशा कपड्यात आपले अंग बसले नाही, की मुली अंगालाच नावे ठेवू लागतात. आठवीतली पोर “माझेच खांदे वाकडे आहेत” म्हणते, तेव्हा मला वाईट वाटते.

म्हणून शाळेत शिवणाचा तास मिळाला, की मी मुलींना आधी यंत्रावर बसवीत नाही. त्यांना वर्तमानपत्र, खडू आणि टेप देते. एकमेकींची मापे घ्यायला लावते आणि दोन खांद्यांची मापे वेगवेगळी लिहायला सांगते. ती बहुधा सारखी येत नाहीत. मुली आधी हसतात, मग आपापला कागद दुरुस्त करतात. शेवटी प्रत्येक कडेला बोटभर माया राखून रेघ मारायची, एवढा एकच नियम मी घालून दिला आहे.