पायाची लांबी कोण सांगतं?

गेल्या वर्षी आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या साइटवर मी एक चाचणी पाहिली. खड्ड्यात पाइलची डोकी छाटून साफ केलेली होती. माझ्याच वयाचा एक तंत्रज्ञ एकेका पाइलवर सेन्सर चिकटवायचा, छोट्या हातोडीने ठोका मारायचा आणि हातातल्या स्क्रीनकडे बघायचा. तीन-चार ठोके झाले की पुढचा पाइल. मडकं घेताना आजी टिचकी मारून बघायची, तसंच काहीसं.

"लांबी किती आली?" मी विचारलं.

"वीस मीटर, सर."

"कशावरून?"

"ड्रॉइंगमध्ये आहे ना."

तो काही लपवत नव्हता, सगळे करतात तसंच काम करत होता. पण घरी आल्यावरही ते उत्तर डोक्यातून जाईना. जमिनीत गाडलेला, पुन्हा कधीच न दिसणारा खांब किती खोल गेलाय, हे माणसं ठरवत तरी कशी आली? मी वाचत सुटलो.

सुरुवातीला पाइल म्हणजे लाकडाचे सोट. वरून वजन आपटून ते जमिनीत ठोकायचे. १८८८ साली वेलिंग्टन या अमेरिकन इंजिनिअरने एक सोपं सूत्र मांडलं: घण किती वजनाचा, किती उंचीवरून पडला आणि एका ठोक्याला पाइल किती खाली गेला, यावरून तो किती भार पेलेल ते काढा. सूत्र कागदावर सहज सुटायचं, म्हणून ते खूप चाललं. पण त्यात ठोका बसताच अख्खा पाइल एकसंध हलतो असं धरलेलं होतं. १९३१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आयझॅक्सने ते चूक असल्याचं दाखवलं. ठोका लाटेसारखा प्रवास करतो. वरचं टोक दबलं तरी खालच्या टोकाला अजून खबरही नसते.

लाटेचं गणित हाताने सोडवणं जिकिरीचं होतं. तिथे मला माझ्या जातीचा माणूस भेटला. ई. ए. एल. स्मिथ अमेरिकेतल्या एका पाइल कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर होता. त्याने पाइलचे तुकडे कल्पिले. प्रत्येक तुकडा म्हणजे एक वजन, दोन वजनांमध्ये एक स्प्रिंग. मग काळाचे बारीक टप्पे पाडून दर टप्प्याला प्रत्येक तुकडा कुठे आहे ते मोजायचं. म्हणजे सरळसरळ एक लूप! डिजिटल संगणक नुकते आले होते, त्यांच्यावर हे गणित चालवता आलं. १९६० सालचा त्याचा पेपर आजही या विषयाचा पाया मानला जातो. १९६४ पासून क्लीव्हलंडमध्ये गोबल आणि त्याचे विद्यार्थी पाइलच्या माथ्यावर सेन्सर लावून खऱ्या ठोक्याची लाट मोजू लागले. १९६८ मध्ये फ्रान्समध्ये पाके याने काँक्रीटच्या पाइलची कंपनं तपासून आतली अवस्था ओळखण्याची पद्धत मांडली. आमच्या साइटवरची हातोडी या घराण्यातली.

तिचं तत्त्व साधं आहे. काँक्रीटमध्ये लाट सेकंदाला सुमारे ४,००० मीटर वेगाने जाते. खालच्या टोकावर आपटून ती परत येते. २० मीटरच्या पाइलमध्ये जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे १० मिलिसेकंद. मध्येच पाइल अरुंद झाला असेल किंवा भेग असेल, तर आधीच एक प्रतिध्वनी येतो. पाइल व्यासाच्या मानाने फार लांब असेल, तर मात्र लाट मातीतच विरून जाते. आणि तो किती भार पेलेल, हे ही चाचणी सांगतच नाही.

मेख पुढेच आहे. स्क्रीनवर दिसते ती वेळ, लांबी नाही. १० मिलिसेकंदांना ४,००० चा वेग धरला की २० मीटर येतात, ३,६०० धरला की १८. काँक्रीटमध्ये दोन्ही वेग शक्य आहेत. मग वेग कुठून आणायचा? बहुतेकदा ड्रॉइंगमधली लांबी घेऊन. कागदावरून वेग काढायचा आणि त्या वेगावरून कागद बरोबर ठरवायचा. पण तेच दोन मीटर खडकावर टेकलेला पाइल आणि मातीत लटकलेला पाइल यांच्यातला फरक असू शकतात.

नुसत्या कागदावर विसंबलं की काय होतं, ते हाँगकाँगने पाहिलं. शा टिन भागात सरकारी योजनेतल्या दोन ३४ मजली इमारती जवळपास बांधून झाल्या होत्या. १९९९ मध्ये त्या असमान खचताना आढळल्या. पाइलमध्ये खोल भोकं पाडून तपासलं, तर ३६ पैकी फक्त ४ पाइल ठरल्याप्रमाणे होते. काही तर १५ मीटरपर्यंत आखूड निघाले. नोंदींत मात्र सगळं पुरेसं खोल होतं. कोणी राहायला येण्याआधीच दोन्ही इमारती पाडायचं ठरलं. जून २००० मध्ये गृहनिर्माण प्राधिकरणाच्या अध्यक्ष रोझाना वाँग यांनी राजीनामा दिला.

कधी कधी तर कागदच नसतो. ५ एप्रिल १९८७ रोजी न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरचा पूल पुरात कोसळला आणि १० माणसं गेली. त्याला पाइल नव्हतेच. उथळ पायाखालची माती पाण्याने खरवडून नेली होती. त्यानंतर अमेरिकेने देशभरातल्या पुलांचे पाये तपासायला घेतले, तेव्हा सुमारे १ लाख पुलांच्या पायाची माहितीच सापडेना. आणि या पुलांच्या पाइलचा माथा उघडा नसतो. वर खांब, त्यावर पूल. ठोका मारला तर लाटा वरच्या काँक्रीटमध्येच घुमत राहतात.

इथे १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आलेली एक पद्धत कामी येते. पाइलच्या शेजारी, त्याच्याहून खोल एक बोअर घ्यायचा. त्यात पाइप घालून पाणी भरायचं आणि पाण्यात ऐकणारा सेन्सर टप्प्याटप्प्याने खाली सोडायचा. दर टप्प्याला बांधकामावर ठोका मारायचा आणि आवाज किती वेळात पोचला ते टिपायचं. सेन्सर पाइलच्या बाजूने उतरतोय तोवर आलेखाचे बिंदू एका सरळ रेषेत पडतात. पाइल संपला की पुढची वाट फक्त मातीतून जाते, आवाज उशिरा पोचू लागतो आणि रेषा वाकते. जिथे वाकली, तिथे पाइलचं टोक. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे वेग गृहीत धरावा लागत नाही. रेषेच्या उतारातूनच तो मिळतो. कागदाला विचारायची गरज उरत नाही.

आपल्याकडे हातोडीच्या चाचणीसाठी आयएस १४८९३ हे मानक आहे. ते वाचून मी आमचा रिपोर्ट पुन्हा उघडला. सगळ्या पाइलना लाटेचा वेग एकच, आणि लांबीच्या रकान्यात ड्रॉइंगमधलेच आकडे. मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन गोष्टी मागितल्या: प्रत्येक पाइलमध्ये किती काँक्रीट गेलं त्याची नोंदवही, आणि कुठल्याही दोन पाइलमधून टोकापर्यंत काढलेला गाभा. ते दोन पाइल आम्ही निवडणार, बिल्डर नाही.

"पण शंका घ्यायला काही कारण आहे का?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं.

नव्हतं. हाँगकाँगमध्येही इमारती खचेपर्यंत नव्हतं, एवढंच मी म्हणालो. बरीच वादावादी झाली आणि ठराव दोन मतांनी पास झाला. पुढच्या आठवड्यात ड्रिलिंगचं मशीन येतंय.