सत्य आणि सलोखा आयोग (दक्षिण आफ्रिका)

वर्णद्वेषी राजवटीतील हत्या, अपहरणे व छळ यांचा छडा लावण्यासाठी १९९५ च्या कायद्यान्वये नेमलेला आयोग. अध्यक्ष : आर्चबिशप डेस्मंड टुटू. चौकशीचा कालखंड १ मार्च १९६० ते १० मे १९९४.

जाहीर सुनावण्या १५ एप्रिल १९९६ रोजी ईस्ट लंडनच्या नगरभवनात सुरू झाल्या. क्रॅडॉकचे शिक्षक व कार्यकर्ते फोर्ट कलाटा यांना तीन सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये पोलिसांनी ठार केले होते. साक्ष देता देता त्यांच्या पत्नी नोमोंडे यांनी मान मागे टाकून हंबरडा फोडला आणि कामकाज थांबवावे लागले. ध्वनिमुद्रणात तो आजही ऐकवत नाही.

आयोगाकडून दंडमाफी मिळण्यासाठी गुन्हेगाराने स्वतः अर्ज करायचा, कृत्यामागचा राजकीय हेतू दाखवायचा आणि सारे खरे सांगायचे. पश्चात्तापाची अट मात्र कायद्यात नव्हती. म्हणजे सुटका कायद्याने होई. मनातली क्षमा ज्याची त्याने द्यायची, नाहीतर नाही द्यायची. या दोहोंची गल्लत करून पीडितांकडून थोरपणाची अपेक्षा धरणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होय. वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांनी दंडमाफीलाच घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले. १९९६ मध्ये ते हरले.

१९९७ मध्ये केपटाउनला पोलीस अधिकारी जेफ्री बेन्झीन याला त्याच्या हातून छळ सोसलेल्या टोनी येंगेनी यांनी छळाची रीत करून दाखवायला लावली. पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर बसून त्याने डोक्यावर पिशवी ओढून दाखवली. खऱ्या चौकशीत ती ओली असे आणि श्वास कोंडे. त्याला माफी मिळाली. एकूण सुमारे ७,१०० अर्जांपैकी बहुतेक मात्र नामंजूर झाले.

सुमारे २१,००० पीडितांनी जबान्या दिल्या. आयोगाने सहा वर्षे वार्षिक भरपाई सुचवली होती. सरकारने २००३ मध्ये एकदाच ३०,००० रँड देऊन विषय मिटवला. ज्यांनी आपली जखम देशासमोर उघडी केली, त्यांच्या पदरी एवढेच पडले.

कलाटा प्रकरणात सहा पोलिसांना १९९९ मध्ये माफी नाकारली गेली, पण खटला कधीच उभा राहिला नाही. या मृत्यूंची न्यायालयीन चौकशी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा ते सहाही जण हयात नव्हते.