पेण-रोह्याच्या कॉलेजमधल्या मुलींचा कबड्डी सीझन नेमका असतो तरी कसा?

७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगझोऊ इथे एशियन गेम्सची महिला कबड्डी फायनल सुरू होती. समोर चायनीज तैपेई. मॅच संपली तेव्हा स्कोअर होता २६-२५. भारताने फक्त एका गुणाने गोल्ड जिंकलं आणि त्या स्पर्धेतलं भारताचं ते १००वं मेडल ठरलं. त्या टीममध्ये पुण्याची स्नेहल शिंदेही होती.

ती क्लिप त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर फिरली. पण अशा मॅचपर्यंत पोहोचणाऱ्या मुली येतात कुठून? बहुतेकींचा रस्ता गावातलं मंडळ, शाळा आणि मग कॉलेज असा असतो. यातला कॉलेजचा टप्पा सगळ्यात छोटा. त्याबद्दल फारसं बोललंही जात नाही. पण मुलगी पुढे खेळणार की थांबणार, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

रायगड म्हणजे कबड्डीवेड्या जिल्ह्यांपैकी एक. त्यामुळे पेण आणि रोह्याच्या कॉलेजमधल्या मुलींचा एक सीझन कसा चालतो, ते समजून घेऊ.

सीझन सुरू कधी होतो?

१५ जुलै हा महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. 'कबड्डी महर्षी' शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा हा जन्मदिवस. कॉलेजांचे प्रवेश उरकून संघ बांधायची धावपळही साधारण याच सुमारास सुरू होते.

अडचण अशी, की जुलै-ऑगस्ट म्हणजे कोकणातला भर पाऊस. मातीच्या मैदानात पाय घोट्यापर्यंत रुततो. त्यात पेण म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं गाव. गणेशोत्सवाच्या आधीचे महिने पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये कामाचा जोर असतो आणि घरातल्या सगळ्यांचे हात त्यात गुंतलेले असतात. थोडक्यात, सरावाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच मैदानही नसतं आणि वेळही नसतो.

गावातल्या मंडळांचं वेळापत्रक याच्या बरोबर उलटं. भातकापणी झाली, जमीन सुकली की मैदानं तयार होतात आणि थंडीत रात्रीच्या उजेडातल्या स्पर्धा रंगतात. म्हणजे रायगडच्या मुलीचे खरं तर दोन सीझन असतात. एक कॉलेजचा आणि एक मंडळाचा.

कॉलेजचा संघ खेळतो कुणाशी?

पेणचं भाऊसाहेब नेने महाविद्यालय असो किंवा रोह्याचं डॉ. सी. डी. देशमुख महाविद्यालय, ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे या विद्यापीठात येतात. एवढ्या कॉलेजांची एकच स्पर्धा घेणं शक्य नसल्यामुळे आधी झोननुसार सामने होतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कॉलेजं कोकण झोनमध्ये खेळतात.

पुढची शिडी अशी:

१. आंतरमहाविद्यालयीन झोन स्पर्धा.
२. वेगवेगळ्या झोनमधल्या आघाडीच्या संघांची आंतरझोन स्पर्धा.
३. या स्पर्धांमधला खेळ आणि निवड चाचणी बघून मुंबई विद्यापीठाचा संघ.
४. पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धा. यात महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथली विद्यापीठं असतात.
५. चारही विभागांतले पहिले चार, म्हणजे एकूण १६ संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत.
६. तिथल्या आघाडीच्या संघांसाठी खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स. २०२० मध्ये भुवनेश्वरपासून त्याची सुरुवात झाली.

झोनचे सामने सहसा बाद पद्धतीने होतात. हरलात की घरी. म्हणजे महिनाभर पहाटे उठून सराव करायचा आणि एखाद्या कॉलेजचा अख्खा सीझन अर्ध्या तासाच्या एका मॅचमध्ये संपायचा, असंही होतं. पण संघ बाहेर गेला म्हणून खेळाडूचं सगळं संपत नाही. विद्यापीठाचा संघ एका कॉलेजचा नसतो. वेगवेगळ्या कॉलेजांतल्या मुली निवडून तो तयार होतो. हरलेल्या संघातल्या चांगल्या रेडरकडेही निवड समितीचं लक्ष जाऊ शकतं. म्हणूनच हातातून गेलेल्या मॅचमधली शेवटची चढाईसुद्धा जीव तोडून करावी लागते.

अकरावी-बारावीच्या मुली यात खेळतात का?

नाही. इथे बऱ्याच पालकांचा गोंधळ होतो. कॉलेजची इमारत एकच असली तरी अकरावी-बारावीच्या मुली शालेय क्रीडा स्पर्धांच्या १९ वर्षांखालील गटात खेळतात. ती शिडी तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी जाते. गंमत म्हणजे या शालेय स्पर्धांसाठी रायगड मुंबई विभागात मोडतो, तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात.

म्हणजे रोह्याची मुलगी बारावीत असेपर्यंत मुंबई-ठाण्याच्या संघांशी भिडते आणि एफवायला गेली की तिच्यासमोर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या मुली येतात. प्रतिस्पर्धी बदलतात, खेळाची पद्धत बदलते. जुळवून घ्यायला पदवीची तीनच वर्षं हातात असतात.

महिलांच्या कबड्डीत वेगळं काय असतं?

सात जणी मैदानात, पाच राखीव, असा बारा जणींचा संघ असतो. मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर असतं, तर महिलांसाठी १२ बाय ८ मीटर. नियमपुस्तकाप्रमाणे महिलांची मॅच १५-१५ मिनिटांच्या दोन डावांची असते आणि मध्ये पाच मिनिटांची विश्रांती. सीनियर महिलांसाठी वजनाची मर्यादा ७५ किलो आहे.

मैदान लहान असल्याने फरक काय पडतो? दोन्ही बाजूंना एक-एक मीटरची लॉबी असते आणि झटापट झाल्याशिवाय लॉबीत पाय पडला की खेळाडू बाद. म्हणजे आठ मीटर रुंदीतले खरे वापरायचे सहाच मीटर. एवढ्या जागेत सात बचावपटू साखळी करून उभ्या राहिल्या की चढाई करणाऱ्या मुलीला पळायला वाव कमी उरतो. तिथे नुसत्या ताकदीपेक्षा पायांची चपळाई आणि परत फिरण्याची वेळ जास्त महत्त्वाची ठरते.

आता साधं गणित बघा. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. ३० मिनिटांच्या मॅचमध्ये पूर्ण वेळ घेतला तरी ६० चढाया, म्हणजे प्रत्येक संघाला ३०. तीन रेडर असतील तर एकीच्या वाट्याला दहा. त्यात सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारी बाद. समोर तीन किंवा कमी बचावपटू असताना त्यांनी पकड केली तर त्यांना दोन गुण. सगळा संघ बाद झाला की लोण आणि त्याचे दोन गुण वेगळे. मॅच कुठल्या मिनिटाला फिरेल, याचा भरवसा नसतो तो यामुळेच.

मातीवर तयार झालेली मुलगी मॅटवर का अडखळते?

मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, पण गावातलं मैदान मातीचं. मातीवर अनवाणी खेळतात, पाय थोडा घसरतो आणि पडल्यावर माती धक्का सोसते. मॅटवर बूट लागतात आणि पाय जिथे टेकला तिथेच पकडून बसतो. वळण्याची सवय मातीची असेल तर शरीर फिरतं आणि पाय मागे राहतो. गुडघा आणि घोट्याच्या दुखापतींचा धोका तिथेच वाढतो.

उपाय एकच, स्पर्धेच्या आधी मॅटवर पुरेसा सराव. पण मॅटचा संच महाग असतो आणि अंथरायला छप्पर असलेली मोठी जागा लागते. रायगडचं जिल्हा क्रीडा संकुल अलिबागजवळ नेहुलीला आहे. रोह्याहून रोज संध्याकाळी तिथे जाऊन रात्री परत येणं सोपं नाही. जिथे कॉलेजकडे स्वतःचा हॉल आणि मॅट नसते, तिथे मुलींची मॅटशी पहिली ओळख थेट स्पर्धेच्या दिवशी होते.

मग मुली खेळ सोडतात कुठे?

कारणं रोजच्या जगण्यातली आहेत. पेण आणि रोहा हे दोन्ही दिवा-रोहा रेल्वेमार्गावर येतात, मध्ये कासू, नागोठणे आणि निडी. पण सराव संपतो तेव्हा गाडी असेलच असं नाही आणि स्टेशनपासून गाव लांब असतं. शेवटची एसटी चुकली तर घरी कोण सोडणार? मॅच बाहेरगावी असेल तर सोबत कोण जाणार? पहिल्या सत्राची परीक्षा त्याच दिवसांत आली तर? आणि तिसऱ्या वर्षाला पोहोचेपर्यंत घरात लग्नाचा विषय निघालेला असतो.

मुलाच्या बाबतीत मंडळाचा संघ पुढची दहा वर्षं असतोच. मुलींच्या बाबतीत गावोगावी महिलांचं मंडळ नसतं. म्हणून कॉलेजचा संघ सुटला की बऱ्याच जणींची कबड्डीच सुटते.

कॉलेजच्या पलीकडे रस्ता कोणता?

दुसरी शिडी कबड्डी संघटनेची. मुलीची नोंदणी एखाद्या मंडळाकडून व्हावी लागते. मंडळ जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत उतरतं, तिथून रायगडचा संघ निवडला जातो, तो राज्य स्पर्धेत खेळतो आणि तिथून महाराष्ट्राचा संघ ठरतो. वयानुसार किशोरी, कुमारी आणि महिला असे गट असतात. कुमारी गटाची मर्यादा २० वर्षं आहे, त्यामुळे एफवाय-एसवायच्या बऱ्याच मुली कॉलेज, कुमारी आणि महिला अशा तिन्ही दारांवर एकाच वेळी नशीब आजमावू शकतात.

मुंबईच्या लोअर परळची सोनाली शिंगटे याचं चांगलं उदाहरण. महर्षी दयानंद कॉलेजमध्ये शिकत असताना ती शिवशक्ती महिला संघाकडून खेळू लागली. कॉलेज आणि क्लब हातात हात घालून चालले. पुढे २०१८ च्या एशियन गेम्समध्ये ती भारताकडून खेळली. त्या फायनलमध्ये भारताला हरवलं इराणने, २७-२४ असं. आणि इराणच्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रात महिला कबड्डीचं ज्ञान कमी नाही, हे त्या दिवशी वेगळ्याच पद्धतीने सिद्ध झालं.

करिअरचं काय?

इथे चित्र थोडं कडू आहे. पुरुषांची प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये त्याच्या जोडीने तीन संघांचं महिला कबड्डी चॅलेंज झालं. आईस दिवाज संघाची कॅप्टन होती मुंबईची अभिलाषा म्हात्रे. फायनल स्टॉर्म क्वीन्सने २४-२३ अशी जिंकली. मॅच रंगतदार झाली, पण त्या प्रयोगाला दुसरा हंगाम काही मिळाला नाही.

त्यामुळे मुलींसाठी खेळातून मिळणारी नोकरी हाच आजही मोठा आधार आहे. रेल्वेसारख्या संस्था खेळाडूंची भरती करतात. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी नुसतं आंतरमहाविद्यालयीन सहभागाचं प्रमाणपत्र चालत नाही. नियमात बसणाऱ्या वरच्या पातळीवरचं यश आणि क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी, दोन्ही लागतं. म्हणून पहिल्या वर्षापासून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र, संघाची यादी आणि नोंदणीचे कागद जपून ठेवणं हेही खेळाइतकंच महत्त्वाचं काम आहे.

थोडक्यात सांगायचं तर

महिलांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ साली झाली, पण एशियन गेम्समध्ये महिलांची कबड्डी यायला २०१० उजाडलं. म्हणजे मधली ५५ वर्षं मुली मोठं मेडल समोर नसतानाही खेळत होत्या. आज मेडल आहे, मॅट आहे, विद्यापीठापासून देशापर्यंतची शिडी आहे. पेण-रोह्यासारख्या ठिकाणी कमी पडतात त्या त्याहून छोट्या गोष्टी. पावसाळ्यात सरावाला छप्पर, संध्याकाळी घरी पोहोचवणारी गाडी, परीक्षेच्या वेळी समजून घेणारे शिक्षक आणि पदवीनंतरही नाव नोंदवून घेणारं महिलांचं मंडळ.

कॉलेजच्या संघाचं यश किती कप आले यावरून मोजलं जातं. पण एफवायला संघात आलेल्या बारा जणींपैकी टीवायला किती जणी अजून मैदानात आहेत, हा आकडाही तितकाच बोलका असतो. तुमच्या ओळखीतली एखादी मुलगी कॉलेजकडून खेळत असेल, तर तिला हा प्रश्न नक्की विचारून बघा.