‘ग्रॅव्हिटी’ आणि ‘गुरुत्व’ : एकाच मुळाच्या दोन शाखा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसराचे नाव ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पामुळे जगाच्या विज्ञाननकाशावर आले. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह्‌ज’ टिपणे हे तिचे काम. मराठीत त्यांना ‘गुरुत्वीय लहरी’ म्हणतात. विशेष म्हणजे, हे दोन्ही शब्द मुळात एकाच घराण्यातील आहेत.

इंग्रजी ‘ग्रॅव्हिटी’ हा लॅटिन ‘ग्राविटास’ या शब्दापासून आला. त्याचे मूळ ‘ग्राविस’, म्हणजे जड. न्यूटनने १६८७ मधील ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ लॅटिनमध्येच लिहिला व ‘ग्राविटास’ हा शब्द वापरला. संस्कृत ‘गुरु’ या शब्दाचाही मूळ अर्थ जड असाच आहे. ग्रीक भाषेत याच कुळातील शब्द ‘बारुस’ असा होतो. वायुभारमापकाचे ‘बॅरोमीटर’ हे नाव त्यावरूनच पडले.

‘ग’चा ‘ब’ कसा झाला? मूळ इंडो-युरोपीय भाषेत येथे ओठ गोल करून उच्चारला जाणारा ‘ग्व’सारखा ध्वनी होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृत व लॅटिनमध्ये त्याचा ‘ग’ उरला, ग्रीकमध्ये ‘ब’ झाला. म्हणजेच लॅटिन शब्द संस्कृतातून निघालेला नाही. दोघी एकाच आईच्या लेकी आहेत.

शब्दाचे नाते म्हणजे सिद्धांताचे नाते नव्हे, हेही ध्यानात घ्यायला हवे. वैशेषिक दर्शनात ‘गुरुत्व’ हा पदार्थाचा गुण व पतनाचे कारण मानला गेला. सर्व वस्तू परस्परांना आकर्षितात, हा न्यूटनचा गणिती नियम मात्र त्याहून वेगळा आहे. गुरुत्वीय लहरींचे भाकीत तर आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये केले. त्या प्रत्यक्ष टिपल्या गेल्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांत.

‘गु’ म्हणजे अंधार व ‘रु’ म्हणजे तो दूर करणारा, अशी ‘गुरू’ शब्दाची फोड लोकप्रिय आहे. भाषाशास्त्र मात्र ज्ञानाने ‘भारदस्त’ तो गुरू, असे सांगते. संत नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू औंढा नागनाथ येथेच भेटले, अशी परंपरा आहे. त्याच औंढ्यात आता ‘गुरुत्वा’चा वेध घेतला जाणार आहे.