आभासी संगणकाचे स्थलांतर आणि विंडोजचा परवाना
पेडण्यातील तुये असो वा डिचोलीची औद्योगिक वसाहत, जुना सर्व्हर बदलताना त्यावरील आभासी संगणक नव्या यंत्रावर हलविला, की विंडोज सक्रिय नसल्याचा इशारा येऊ शकतो. परवाना यंत्राच्या ओळखचिन्हांशी जोडलेला असतो. ती बदलल्यास विंडोजला यंत्र नवे वाटते. व्हीएमवेअरने विचारल्यास ‘हलविले’ हा पर्याय निवडावा. ‘प्रत काढली’ म्हटल्यास ओळखक्रमांक बदलतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना नव्या यंत्रावर नेता येतो. यंत्रासोबत आलेला ओईएम परवाना सहसा त्याच यंत्राशी बांधील राहतो. केएमएस पद्धतीत सक्रियता १८० दिवस टिकते, त्यामुळे कार्यालयाच्या सर्व्हरशी संपर्क आवश्यक असतो. सक्रियता गेल्याने हिशेबाच्या फायली नष्ट होत नाहीत. तरीही स्थलांतरापूर्वी परवान्याचा क्रमांक व खरेदीचे बिल हाताशी ठेवणे हिताचे.