डिस्कस मत्स्यालय

डिस्कस (सिंफायसोडॉन प्रजाती, सिक्लिडी कुल) या चपट्या, वर्तुळाकार शोभिवंत माशांसाठी उभारलेली गोड्या पाण्याची टाकी [→ मत्स्यालय]. मूलस्थान ॲमेझॉन खोरे. पहिले शास्त्रीय वर्णन योहान हेकेल यांचे (१८४०). पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी व २८°–३०° से. तापमानाचे लागते, त्यामुळे पनवेल–कर्नाळ्यासारख्या उबदार भागातही हिवाळ्यात हीटर आवश्यक ठरतो. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच वापरतात. गाळणी हा टाकीचा गाभा होय : स्पंज गाळ अडवतो आणि त्यावर वाढणारे जीवाणू माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचे नायट्राइटात, पुढे सौम्य नायट्रेटात रूपांतर करतात [→ नायट्रोजन चक्र]. जीवाणूंची ही वसाहत जमण्यास साधारण ४–६ आठवडे लागतात; तोवर मासे सोडत नाहीत. स्पंज टाकीतल्याच पाण्यात धुतात, कारण क्लोरीनने जीवाणू मरतात. पिले आईवडिलांच्या त्वचेवरील श्लेष्मा खातात. जोराच्या प्रवाहात ती त्यांच्यापासून दूर वाहून जाऊ शकतात, म्हणून प्रजननाच्या टाकीत मंद प्रवाहाची गाळणीच योग्य. साचणारे नायट्रेट नियमित पाणी बदलून काढतात.