चित्रपट पाहणारेच निर्माते होतात तेव्हा : कलकत्ता ते कोळिकोड

चित्रपट पाहून झाल्यावर एकत्र बसून त्याविषयी बोलणे, या साध्या कृतीला आपल्याकडे संघटित रूप दिले ते फिल्म सोसायट्यांनी. १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. तिथे दाखवलेला पहिला चित्रपट आयझेनस्टाईनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’. १९५९ मध्ये सोसायट्यांचा महासंघ झाला, अध्यक्ष रायच. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ.

या मंडळांनी जाणता प्रेक्षक घडवला, हे निर्विवाद. परंतु सभासद बहुतांशी शहरी आणि सुशिक्षित. आणि भांडवलाचा प्रश्न चर्चेने सुटत नव्हता. ‘पथेर पांचाली’सुद्धा अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने पूर्ण झाला. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले खरे, पण त्यामागे बलाढ्य सहकारी यंत्रणा होती.

अशी कोणतीही यंत्रणा हाताशी नसलेला माणूस म्हणजे जॉन अब्राहम. (हिंदी अभिनेता नव्हे!) पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेल्या या मल्याळी दिग्दर्शकाने १९८४ साली कोळिकोडमध्ये मित्रांसह ‘ओडेसा’ हा गट स्थापन केला. नाव ‘पोटेमकिन’मधल्या शहराचे. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन ही मंडळी गावोगाव फिरत, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवत आणि पुढच्या चित्रपटासाठी लोकांकडून वर्गणी मागत. फिल्म सोसायटीचा सभासद वर्गणी भरून चित्रपट पाहत असे. इथे गावकरी वर्गणी देऊन निर्माता होत होता. मला हा फरक फार मोठा वाटतो.

त्यातून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ साकारला. एका तरुणाच्या मृत्यूची वार्ता त्याच्या आईला सांगण्यासाठी मित्र वायनाडहून कोचीकडे निघतात आणि वाटेत एकेक जण सामील होत जातो. कथेतला हा वाढता जथा आणि पडद्यामागचा वर्गणीदारांचा जथा यांत विलक्षण साम्य आहे. चित्रपटही व्यापारी वितरणाबाहेर, लोकांमध्येच दाखवला गेला.

पुढच्याच वर्षी, ३१ मे १९८७ रोजी, कोळिकोडमध्ये एका इमारतीच्या गच्चीवरून पडून जॉन यांचा मृत्यू झाला. ‘अम्मा अरियान’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.